आमचे आम्ही

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला लोक आधी "कुठे?" असं विचारत नाहीत, "कुणाबरोबर?" असं विचारतात. उत्तरात एखाद्या सहलकंपनीचं नाव आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. महाराज बरोबर आहेत ना? रोज वरणभात मिळणार ना? टूर मॅनेजर तोच का, बसमध्ये गाणी म्हणायला लावणारा? पण "आमचे आम्हीच जातोय" असं म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. "म्हणजे... कुणीच नाही?"

त्यातून "बल्गेरियाला" असं सांगितलं की संभाषण संपतंच. पॅरिस म्हटलं तर मनोरा आहे, स्वित्झर्लंड म्हटलं तर बर्फ आणि शाहरुख खान आहे. बल्गेरियाचं काय? तसा आपल्याला ओळखीचा एक धागा आहे. दर डिसेंबरात वृत्तवाहिन्यांवर पुढच्या वर्षीचे भूकंप आणि महायुद्धं जाहीर करायला ज्यांना आणतात, त्या बाबा वेंगा इथल्याच. वाहिन्यांच्या गदारोळात कळत नाही, पण या एक दृष्टिहीन आजीबाई होत्या. १९९६ साली त्या वारल्या आणि त्यांच्या नावावरचा कारभार आता इतर लोक सांभाळतात. मी हे आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मग तुमच्या प्रवासाचं त्यांनी काही सांगून ठेवलंय का, ते बघून घ्या."

स्वतंत्र प्रवास हा मोठा ऐटबाज शब्दप्रयोग आहे. आपण कुणाचे मिंधे नाही, वाटेल तेव्हा उठू, वाटेल तिथे उतरू, असा एक ताठा त्यात आहे. बाल्कनात हा ताठा पहिल्या बसस्थानकावरच उतरतो. सहलीला गेलेला माणूस एका टूर मॅनेजरवर अवलंबून असतो. स्वतंत्र निघालेला माणूस तिकीटवाल्या बाई, ड्रायव्हर, मागच्या सीटवरचे आजोबा, घरमालकीण आणि सीमेवरचा शिपाई अशा दिसेल त्या प्रत्येकावर अवलंबून असतो. इतकं परावलंबी जगण्याची सवय माणसाला पाळण्यानंतर राहिलेली नसते.

सोफियाचं मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनला खेटून आहे. आत खिडक्याच खिडक्या. प्रत्येक खिडकी वेगळ्या कंपनीची, तिची गावं वेगळी, आणि शेजारच्या खिडकीत काय विकतात याच्याशी या खिडकीला कर्तव्य नसतं. त्यामुळे आपण दारोदार फिरत राहतो. त्यातच मानेचा प्रश्न. बल्गेरियात होकारासाठी मान डावी-उजवीकडे हलवतात आणि नकारासाठी झटक्यात वर उचलतात. ही माहिती कुठल्याही प्रवासवर्णनात असते आणि ती पाठ करून आपण जातो. पुढची गंमत तिथे गेल्यावर कळते. ज्यांचा परदेशी लोकांशी रोजचा संबंध येतो, ते आपला चेहरा बघून आपल्या सोयीसाठी मान उलटी चालवतात. म्हणजे समोरची मान बल्गेरियन पद्धतीने हलली की पाहुणचार म्हणून हलली, हे ठरवायचं कसं?

मी खिडकीतल्या बाईंना "वेलिको तार्नोवो?" असं विचारलं. मान आडवी हलली. "आज?" पुन्हा आडवी. मग मी, घडलंय ते समजल्यासारखं दाखवायला, आपली खास मराठी मान हलवली. हो नाही, नाही नाही, "बघू या काय ते" अशा अर्थाची, गोल. बाईंनी ती मान नीट निरखली. बल्गेरियन मानेचे दोन प्रकार त्यांना जन्मापासून माहीत होते, हा तिसरा नवा होता. त्यांनी निमूटपणे एक चिठ्ठी ओढली, त्यावर गाडीची वेळ लिहिली, खाली फलाटाचा आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि चिठ्ठी काचेखालून सरकवली. एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ स्वतःची रांग सोडून आमच्याबरोबर फलाटापर्यंत आले, ड्रायव्हरला हाक मारली आणि आमच्याकडे बोट दाखवून त्याला दोन-तीन कडक वाक्यं सुनावली. त्या वाक्यांचा अर्थ आम्हाला कळला नाही. ड्रायव्हरला कळला असावा, कारण तार्नोवोपर्यंतच्या प्रत्येक थांब्यावर तो आरशातून आमच्याकडे बघायचा आणि मान वर उचलायचा. अजून नाही. बसून राहा.

या ड्रायव्हर मंडळींवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. ते माणसं तर नेतातच, पण कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या मुलाचा विसरलेला चार्जर, कापडात गुंडाळलेल्या लोणच्याच्या बरण्या हेही त्यांच्या हवाली केलेलं असतं. पुढच्या गावाला कुणीतरी उभं असतं, ते आपली वस्तू घेऊन जातं. आम्ही तसे त्या बरण्यांतच जमा होतो. फरक एवढाच, की आम्हाला घ्यायला कुणी येणार नव्हतं.

रेल्वेचं म्हणाल तर बल्गेरियात सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते अशी एक अरुंद रुळांची गाडी आहे. रूळ ७६० मिलिमीटर रुंदीचे, अंतर १२५ किलोमीटर आणि वेळ साधारण पाच तास. रोदोपी डोंगरात ती वळसे घेत, बोगद्यांतून स्वतःच्याच रुळांवरून-खालून जात अव्रामोवो नावाच्या स्टेशनावर चढते. १२६७ मीटर उंचीचं हे स्टेशन बाल्कनातलं सर्वांत उंच. घाई असलेल्या माणसाने या गाडीत बसू नये. बसणाऱ्यांत थोडे आमच्यासारखे हौशी आणि बाकीचे बाजाराच्या पिशव्या घेतलेले गावकरी असतात.

आमच्या समोर एक आजी आणि आजोबा होते. आमच्या हिचं एक तत्त्व आहे. कुठल्याही देशात ती सरळ मराठीत बोलते. तिचं म्हणणं असं, की त्यांना इंग्रजी येत नाही, मराठीही येत नाही, मग आपण चांगली येणारी भाषा का सोडावी? तिने चिक्कीचा पुडा पुढे केला, म्हणाली, "घ्या ना, घरचीच आहे." आजींनी घेतली आणि पिशवीतून आलुबुखार काढून दिले. पुढे दोघींचा विषय गुडघ्यांवर गेला. तो कसा गेला ते मी पाहिलं आहे. गाडी वळणावर कचकन हलली, दोघींनी एकाच वेळी उजवा गुडघा धरला आणि एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर भाषेची गरजच उरली नाही. हिने हाताने जिना करून दाखवला, चढताना एवढं नाही, उतरताना जास्त. आजींनी मान जोरात आडवी हलवली, म्हणजे अगदी बरोबर. मग त्यांनी आजोबांच्या कोटाच्या खिशातून एक चपटी बाटली काढली. घरी गाळलेली रकिया. ती गुडघ्याला चोळायची, असं आजींनी अभिनय करून सांगितलं. आजोबांनी त्यांच्या हातातून बाटली घेतली, बोट आडवं नाचवून ती रीत नामंजूर केली आणि औषध कुठून आत जायला हवं ते स्वतः करून दाखवलं. या वैद्यकीय मतभेदावर अव्रामोवो येईपर्यंत चर्चा चालली होती. मी आजोबांच्या बाजूने मत दिलं.

जिवंत माणसांनी केलेल्या मदतीची यादी लांब आहे, पण बल्गेरियात आम्हाला मृतांचीही मदत झाली. तिथे घराच्या दारावर, झाडाच्या खोडावर, बसथांब्याच्या काचेवर शोकपत्रकं चिकटवायची पद्धत आहे. साधा पांढरा कागद, वर फोटो, खाली नाव आणि चार ओळी. माणूस गेल्यावर लावतात, मग चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढेही लावतात. आपल्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स जितक्या निष्ठेने लागतात, तितक्याच निष्ठेने. सिरिलिक लिपी शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही. अक्षरं ठळक असतात, मजकूर थोडा असतो आणि कितीही वेळ उभं राहून वाचलं तरी कुणाला गैर वाटत नाही, उलट येणारेजाणारे आपल्याकडे आदराने बघतात. एका आजोबांच्या नावातली सगळी अक्षरं मी लावली, तेव्हा शेजारून जाणाऱ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं.

ही लिपी म्हणजे बल्गेरियाचा मोठा अभिमान. २४ मेला तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात गेला, तेव्हा रोमन आणि ग्रीकच्या बरोबरीने सिरिलिक ही संघाची तिसरी लिपी झाली. अभिमान रास्तच आहे. पण लिपी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते संत सिरिल आणि त्यांचे बंधू मेथोडियस जन्मले थेसलॉनिकीत, जे आज ग्रीसमध्ये आहे. त्यांच्या शिष्यांपैकी क्लिमेंट आणि नाउम यांनी ओहरिदला विद्या शिकवली, ते आज उत्तर मॅसिडोनियात आहे. म्हणजे तीन देशांच्या हद्दीत मिळून एक वर्णमाला.

बाल्कनात फिरताना हे सतत होतं. क्रांतिकारक गोत्से देलचेव घ्या. १९०३ साली तुर्कांशी लढताना ते मारले गेले. जन्म आणि मृत्यू दोन्ही आजच्या ग्रीसमध्ये, समाधी उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, आणि राष्ट्रपुरुष बल्गेरियाचेही आणि उत्तर मॅसिडोनियाचेही. दोन्हीकडे त्यांच्या नावाचं गाव आहे. ते नेमके कुणाचे, या आणि अशा प्रश्नांवरून २०२० साली बल्गेरियाने शेजाऱ्याच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाची वाट अडवून धरली होती. स्कोप्येच्या मुख्य चौकात घोड्यावर बसलेल्या वीराचा एक अतिप्रचंड पुतळा आहे. तो अलेक्झांडरचा आहे हे लहान मुलालाही दिसतं, पण ग्रीस रागावेल म्हणून त्याचं अधिकृत नाव आहे 'घोड्यावरचा योद्धा'. खुद्द देशाच्या नावाचा तंटाही ग्रीसशी २०१८ साली करार करून 'उत्तर' जोडल्यावरच सुटला.

आपण हे सगळं पाहून गालात हसत असतो, तोवर त्याच चौकापासून चार पावलांवर मदर तेरेसांचं स्मारक लागतं. १९१० साली त्या स्कोप्येत जन्मल्या, घराणं अल्बेनियन. अल्बेनियाची राजधानी तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. २००९ साली अल्बेनियाने त्यांचे अवशेष मागितले, तेव्हा भारत सरकारने सांगितलं, की त्या भारतीय नागरिक होत्या आणि स्वतःच्याच देशात विश्रांती घेत आहेत. म्हणजे या भाऊबंदकीत आपलंही नाव सातबाऱ्यावर चढलेलं आहे. मग हसू आवरतं घ्यावं लागतं.

सोफिया आणि स्कोप्ये या दोन राजधान्या अडीचशे किलोमीटरच्या आत आहेत, पण त्यांच्यात सरळ रेल्वे नाही. बल्गेरियाचे रूळ सीमेजवळच्या ग्युएशेवोपर्यंत येतात आणि थांबतात. तेव्हा बसच गाठायची. सीमेवर सगळ्यांच्या पासपोर्टांचा गठ्ठा आत गेला आणि आमचे दोन निळे पासपोर्ट सोडून बाकीचे लगेच बाहेर आले. भारतीय पासपोर्टवरच्या व्हिसाची पानं पहिल्या अधिकाऱ्याने पाहिली, मग दुसऱ्याला दाखवली, मग फोन झाला. पूर्ण बस आमच्यासाठी खोळंबली. खाली उतरून मी शक्य तितका ओशाळा चेहरा केला होता. तर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या एका तरुणाने येऊन माझे आभार मानले. एरवी इथे एकच सिगारेट होते म्हणाला, आज दोन झाल्या. पासपोर्ट आले, बस निघाली आणि सीमेपलीकडे पोचताच मोबाइलमधलं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं. आमच्यामुळे सगळ्यांचा जेवढा वेळ गेला होता, त्याहून जास्त उत्तर मॅसिडोनियाने एका फटक्यात परत केला.

ओहरिदला तळ्याकाठी खोली घेतली. तळं २८८ मीटरपर्यंत खोल आहे आणि घरमालकीणबाईंची चौकशीही तितकीच. त्यांनी आधी पासपोर्ट घेतले, कारण या भागात पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करणं ही यजमानाची जबाबदारी असते. पासपोर्टातली माहिती उतरवून झाल्यावर त्यांनी पोलिसांना नको असलेली माहितीही गोळा केली. मुलं किती, एकच का, तो बरोबर का नाही आला, लग्न झालं का, मग कधी होणार. त्यांची थोडीफार इंग्रजी, हिची मराठी आणि नातवाचा मोबाइल यांवर हे सगळं पार पडलं. रात्री आठला त्यांनी दार वाजवलं. आम्ही दोघं अजून जेवायला बाहेर पडलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ज्या मोकळिकीसाठी आम्ही वरणभातावर पाणी सोडलं होतं, ती त्या रात्री आमच्या हातून गेली. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो आणि मातीच्या भांड्यात भाजलेला राजमा, म्हणजे तावचे ग्रावचे, वाढतील तेवढा खाल्ला.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. भाजलेल्या लाल मिरच्यांचं ऐवार आहे, पनीराचे पदर घातलेली बानित्सा आहे, टोमॅटो-काकडीवर पांढरं पनीर किसलेली शोप्स्का सॅलड आहे. हे सॅलड विसाव्या शतकाच्या मध्यात बल्गेरियाच्या सरकारी पर्यटन कंपनीने प्रचारात आणलं. पांढरा, हिरवा, लाल हे राष्ट्रध्वजाचे रंग ताटात आले, आणि आता शेजारचे देशही ते आपलंच म्हणून वाढतात. दह्याचा तर प्रश्नच नाही. स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन डॉक्टरने १९०५ साली दह्यातला जीवाणू शोधला आणि त्याच्या शास्त्रीय नावात देशाचं नाव लागलं. फक्त एक इशारा. दही, काकडी, लसूण आणि अक्रोड घातलेलं तारातोर हे गार सार मागवताना हे ध्यानात ठेवा, की त्यात शेपू असतो. शेपू बटाट्यावर असतो, सॅलडवर असतो, विचारला नाही तरी असतो. घरी शेपूची जुडी दिसली की ज्यांना बाहेर काम निघतं, अशा लोकांनी बाल्कनात जपून जावं.

या सगळ्या भटकंतीत मला वेलिको तार्नोवोमधली एक तारीख फार आवडली. बल्गेरिया तुर्कांच्या सत्तेतून सुटला तो ३ मार्च १८७८ रोजी, रशियन फौजांच्या मदतीने. आजही तोच राष्ट्रीय दिन. पण कागदोपत्री तो सुलतानाचा मांडलिकच राहिला. पूर्ण स्वातंत्र्य जाहीर झालं ते २२ सप्टेंबर १९०८ला, तार्नोवोच्या जुन्या चर्चमध्ये. मधली तीस वर्षं देश सुटलेलाही होता आणि बांधलेलाही. त्यानंतर महायुद्धं झाली, रशियाची छाया आली, गेली, मग युरोपीय संघ आला. १ जानेवारी २०२६ला बल्गेरियाने आपलं लेव्ह हे चलन सोडून युरो घेतला. स्वातंत्र्य मिळवायला जितकी खटपट केली, तितक्याच खटपटीने देश पुन्हा कुणाच्या तरी घरात शिरायचा प्रयत्न करत असतात. यात विसंगती आहे असं मला पूर्वी वाटलं असतं. आता वाटत नाही. कुणावर अवलंबून राहायचं ते आपण निवडावं, एवढंच स्वातंत्र्य देशालाही मिळतं आणि प्रवाशालाही. तेही काही थोडं नाही.

सोफियाच्या मध्यभागी जुन्या स्नानगृहाजवळ गरम खनिज पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. दिवसभर लोक कॅन आणि बाटल्या घेऊन येतात. एका बाजूला सोळाव्या शतकातली मशीद, थोडं पुढे सिनेगॉग, पलीकडे ऑर्थोडॉक्स चर्च, जवळच कॅथलिक चर्च. पाणी भरताना कुणी कुणाला कोणत्या दारातून आलास असं विचारत नाही. "आधी तुम्ही भरा, माझे सहा कॅन आहेत," असं मात्र हातवाऱ्यांनी सांगतात.

हे सगळं आम्ही घरी येऊन सांगितलं, फोटो दाखवले, ओहरिदच्या बाईंनी दिलेली ऐवारची बरणी चाटूनपुसून संपली, आणि मेव्हणे म्हणाले, "पुढच्या वेळी आम्हीही येतो. तुम्हाला आता सगळं माहीत आहे. तुमच्या भरवशावर येतो." मेव्हण्यांच्या मागे त्यांचे साडू आहेत आणि साडूंच्या मागे त्यांचा सकाळच्या फिरण्याचा ग्रुप. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की जरूर या, पण माझ्या भरवशावर येऊ नका. खिडकीतल्या बाईंच्या भरवशावर या, बरण्या नेणाऱ्या ड्रायव्हरच्या भरवशावर या, कुणाच्या तरी आजोबांच्या खिशातल्या बाटलीच्या भरवशावर या. मी स्वतः त्यांच्याच भरवशावर जातो.